यंदा कागद जरा उशिरा भरा

पासाडेना, कॅलिफोर्निया
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. दादा, वहिनी, तुम्हालाही नमस्कार. छोटीला खूप खूप पापे.

फराळाचा डबा व्यवस्थित मिळाला. अनारसे त्याच दिवशी संपले. दादा फोनवर म्हणाला की यंदा ऑस्करच्या पैजेत, म्हणजे कोण जिंकणार ते आधीच कागदावर लिहून गुण मोजायच्या आपल्या खेळात, जिन्यातली आणखी दोन घरं येणार आहेत आणि बाबांनी कागदावर रकाने आत्ताच आखून ठेवलेत. हे ऐकून इतका आनंद झाला की लगेच सगळं सांगायला घेतलं, पण फोनवर ते होत नाही. मध्येच वहिनीची लोकल, नाहीतर छोटीची शाळा. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कामाच्या दोन गोष्टी. सोहळा १५ मार्चला, म्हणजे ठाण्यात १६ मार्चचा सोमवार. मागच्या खेपेला पहाटे साडेपाचला सुरू झाला होता, यंदा साडेचारला होईल, कारण तोवर इथली घड्याळं तासभर पुढे सरकलेली असतील. आई, चहाचं आधण त्या हिशोबाने ठेव. दुसरं म्हणजे विभाग आता २३ नाहीत, २४ आहेत. भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्यांना, म्हणजे कास्टिंगला, यंदापासून पुरस्कार सुरू होतो आहे. बाबा, एक ओळ वाढवा.

आता खरा मुद्दा. बाबा, गडकरी रंगायतनला एकांकिकांच्या अंतिम फेरीला आपण जायचो तेव्हा पडदा उघडायच्या आधी तुम्ही एकच गोष्ट विचारायचात, ‘परीक्षक कोण आहेत?’ ते कळलं की मध्यंतरातच निकाल सांगायचात आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. मग ऑस्करच्या कागदावर तुम्ही तो प्रश्न का सोडून देता? तिथे तुम्ही मनाला भिडलेल्या चित्रपटाचं नाव लिहिता. मला तुमचा तो स्वभाव फार आवडतो, पण कागदात दोन गुण कमी पडतात ते त्यामुळेच.

ऑस्करचे परीक्षक म्हणजे अकादमीचे, ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे, सुमारे १०,००० मतदार सभासद. नट, दिग्दर्शक, संकलक, ध्वनिवाले, वेशभूषाकार, सगळे याच धंद्यात काम करणारे. नामांकनं बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे लोक करतात, संकलनाची संकलक करतात, अभिनयाची नट करतात. शेवटचं मत मात्र सगळ्यांना सगळ्या विभागांत देता येतं. म्हणून नामांकनांची यादी पाहून जो अंदाज येतो तो अंतिम निकालाला जसाच्या तसा लागू होत नाही.

हे ध्यानात ठेवलं तर जानेवारीतला गोंधळ आपोआप कमी होतो. या वर्षीचंच बघा. जानेवारीत गोल्डन ग्लोबमध्ये ‘द ब्रूटलिस्ट’ आणि ‘एमिलिया पेरेझ’ जिंकले, ‘अनोरा’च्या हाती काहीच लागलं नाही, आणि दादाने त्याच दिवशी ‘अनोरा’वर काट मारली. पण ग्लोबला मत देतात ते जगभरातले तीनशेच्या आसपास पत्रकार. त्यांच्यातला कोणी ऑस्करला मत देत नाही. मग ८ फेब्रुवारीला एकाच रात्री निर्मात्यांच्या संघटनेने आणि दिग्दर्शकांच्या संघटनेने, दोघांनीही ‘अनोरा’ निवडला. या संघटनांमधले बरेच जण अकादमीतही आहेत. मार्चमध्ये ‘अनोरा’ने पाच ऑस्कर नेले, त्यातले चार एकट्या शॉन बेकरचे, म्हणजे त्याच्या दिग्दर्शकाचे.

दिग्दर्शनाचा रकाना तर डोळे मिटून भरावा असा आहे. दिग्दर्शक संघटनेचा विजेता लिहायचा, बस. २००१ ते २०२५ या २५ सोहळ्यांत तो चारच वेळा चुकला. शेवटचा २०२०मध्ये, संघटनेने सॅम मेंडिसला निवडलं आणि ऑस्कर बाँग जून-हो यांना मिळालं. त्या पहाटे घरात जो आरडाओरडा झाला तो मला फोनवर इथे ऐकू आला होता.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित वेगळं आहे, इथे जरा थांबते. बाकी सगळ्या विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकला. चित्रपटाला मात्र २०१०च्या सोहळ्यापासून पसंतीक्रमाने मतदान होतं. बाबा, तुम्ही कोकण पदवीधर मतदारसंघात मत देता ना, नावांपुढे १, २, ३ लिहून, अगदी तसंच. दहा चित्रपटांना क्रम द्यायचा. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसतील तर सर्वांत मागचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. कोणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालतं. पदवीधरच्या मतमोजणीला रात्र उलटते ती याचमुळे.

यातून काय होतं? काही जणांना अतिशय आवडलेला आणि बाकीच्यांना अजिबात न पटलेला चित्रपट मागे पडतो, आणि बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला पुढे येतो. म्हणून नामांकनांचा आकडा पाहून भुलायचं नाही. २०२२मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकनं होती आणि मिळालं एकच, दिग्दर्शनाचं. ‘कोडा’ला तीनच नामांकनं होती. तिन्ही मिळाली, त्यातलं एक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. या वर्षी ‘एमिलिया पेरेझ’ १३ नामांकनं घेऊन आला आणि दोनच घेऊन गेला. निर्मात्यांची संघटनाही असंच पसंतीक्रमाने मतदान करते, म्हणून या रकान्यासाठी तिचा निकाल सर्वांत जवळचा. तोही कधीकधी हुकतो. २०१७ला त्यांनी ‘ला ला लँड’ निवडला होता, आणि ऑस्करच्या रात्री मंचावर आधी चुकून त्याचंच नाव पुकारलं गेलं, मग खऱ्या विजेत्या ‘मूनलाइट’चं, ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरीही फक्त एकच आधार घ्यायचा झाला तर मी तोच घेईन.

अभिनयाचे रकाने सर्वांत अवघड. वहिनी, हे खास तुमच्यासाठी, कारण मागच्या खेपेला डेमी मूरबद्दल तुम्हाला फार वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. नटांच्या संघटनेचा, म्हणजे सॅगचा, पुरस्कार तिला मिळाला होता, तरी ऑस्कर मायकी मॅडिसनला गेलं. मायकी जिंकली होती ती लंडनला, बाफ्टामध्ये, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारांत. त्याच रात्री एड्रियन ब्रोडीचंही तेच झालं, सॅग टिमथी शॅलमेला, बाफ्टा आणि ऑस्कर ब्रोडीला. आदल्या वर्षी लिली ग्लॅडस्टोन आणि एमा स्टोन, २०२१मध्ये चॅडविक बोसमन आणि अँथनी हॉपकिन्स, तीच गत. माझ्या मते कारण सरळ आहे. सॅगला मत देणारे नट लाखाहून जास्त आहेत, त्यातले अकादमीत असणारे अगदी थोडे. आणि गेल्या दहा वर्षांत अकादमीने अमेरिकेबाहेरचे सभासद खूप घेतले आहेत, त्यांची आवड बाफ्टाच्या मतदारांशी जास्त जुळते. पण हा नियम समजू नका. २०२३मध्ये बाफ्टा केट ब्लँचेटला मिळालं आणि ऑस्कर मिशेल योलाच गेलं, सॅगप्रमाणे. दोन्हीकडे एकच नाव आलं तर निर्धास्त लिहा. वेगवेगळी आली तर चित्रपट स्वतः किती जोरात आहे ते बघा.

आई, तुझा वेशभूषेचा रकाना. भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्या, १९८३मध्ये ‘गांधी’साठी भारताला पहिलं ऑस्कर त्यांनी आणून दिलं, हे तू आम्हाला इतक्या अभिमानाने सांगायचीस की तो विभाग आपोआप तुझाच झाला. तिथे तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. एकच सांगते, आजच्या काळातले रोजचे कपडे असलेला चित्रपट तिथे क्वचितच जिंकतो. जुना काळ नाहीतर कल्पनेतलं जग, यातलाच निवड. मागच्या खेपेला ‘विकेड’ तू बरोबर लिहिला होतास, मी लिहिला नव्हता.

कास्टिंगला मागचा इतिहासच नाही. बाफ्टाने हा पुरस्कार २०२०मध्ये सुरू केला, तेवढाच आधार. खूप मोठा नटसंच असलेला, नवे चेहरे पुढे आणणारा चित्रपट मी तिथे लिहीन. आणखी एक नवी गोष्ट आहे. यंदापासून ज्या विभागात शेवटचं मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम मला मनापासून पटतो, इतकी वर्षं तो का नव्हता तेच कळत नाही. ध्वनी, छायाचित्रण, संगीत अशा विभागांत नुसत्या गाजलेल्या नावाला मत जायचं ते यामुळे कमी होईल असं मला वाटतं. म्हणून त्या रकान्यांत त्या त्या संघटनेच्या निकालाला यंदा जास्त वजन द्या.

आता भारताच्या चित्रपटाविषयी. बाबा, जानेवारीच्या नामांकनांच्या कागदावर तुम्ही दरवर्षी परभाषिक विभागात भारताचं नाव पहिलं लिहिता. आजवर तिथे नामांकन मिळालं ते ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि ‘लगान’ला. २००२नंतर एकदाही नाही. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ हे आपले मराठी चित्रपट भारताकडून गेले, तिघांचा मला सारखाच अभिमान आहे. पण इथे राहून एक कळलं. नुसता चांगला चित्रपट पाठवून भागत नाही, मतदारांनी तो पाहावा म्हणून महिनोन्‌महिने खेळ लावावे लागतात, त्यासाठी इथला वितरक लागतो, पैसा लागतो. २००४मध्ये ‘श्वास’च्या मंडळींना त्यासाठी लोकांकडून निधी उभा करावा लागला होता. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’कडे हे सगळं होतं, कान महोत्सवाचा ग्रां प्री पुरस्कार होता, रत्नागिरीकडे परत निघालेली आपली छाया कदम होती, आणि नेमका तोच भारताने पाठवला नाही. पाठवलेला ‘लापता लेडीज’ नामांकनांआधी निघते त्या पंधरा चित्रपटांच्या यादीतही आला नाही. याची हळहळ मला अजून आहे. यंदा नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ गेला आहे. पंधरा चित्रपटांची यादी डिसेंबरमध्ये येईल. त्यात नाव आलं तर बाबा, तुमच्याबरोबर मीही लिहीन.

माझा आजचा अंदाज विचाराल तर चित्रपट ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ आणि दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन. ११ वेळा नामांकन होऊन त्यांना एकदाही मिळालेलं नाही, आणि ही गोष्ट मतदारांच्या मनात असते. ‘सिनर्स’ एप्रिलमध्ये आला तरी लोक अजून त्याबद्दल बोलताहेत, तो पसंतीक्रमात वर राहील. टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार ‘हॅम्नेट’ला मिळाला. २०१२ ते २०२३ तो पुरस्कार मिळालेल्या प्रत्येक चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं होतं, म्हणून तोही यादीत धरा.

पण यातलं काही पेनाने लिहू नका. नामांकनांचा कागद २२ जानेवारीच्या आधी भरा, त्याला इलाज नाही. विजेत्यांचा कागद मात्र मार्चपर्यंत कोरा ठेवा. दिग्दर्शकांचा निकाल ७ फेब्रुवारीला, बाफ्टा २२ला, निर्मात्यांचा २८ला, सॅग १ मार्चला. अकादमीचं मतदान ५ मार्चला संपतं, त्यानंतर काहीच बदलणार नाही. जिन्यातल्या नव्या घरांनाही हे सगळं सांगा, दादा, लपवून ठेवू नकोस. सगळे तयारीने उतरले तरच चुरस येते.

शनिवारी, १४ तारखेला, सगळ्यांच्या कागदांचे फोटो पाठवा. छोटीचा ॲनिमेशनचा रकाना तिलाच भरू द्या. मीही माझा त्याच दिवशी पाठवते. गुण मोजायला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनाच बसवा, त्या कोणाची गय करत नाहीत.

तुमची लेक