काका, ती कॅसेट अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काका,
सा. न.

खरं तर जिना उतरून तुमच्या दारात येऊन हे बोलायला हवं होतं. पण समोर आलो की बोलणं हवापाण्यावर जातं. शिवाय हे आभार चारचौघांत मानावेत असं फार दिवस मनात आहे, म्हणून उघडं पत्र लिहितो आहे.

अकरावीत माझा आवाज फुटला आणि तळाशी जाऊन बसला. क्लासमध्ये सगळी मुलं काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून गायची. तारषड्जापर्यंत, वरच्या सापर्यंत, जाताना माझा आवाज चिरकायचा. "हा आवाज निवेदनाला बरा, गाण्याला नाही," असं एका संध्याकाळी सगळ्यांसमोर ऐकलं आणि मी वही मिटली. आईनं तुम्हाला काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गॅलरीतून हाक मारलीत, जर्मनच्या वह्या टेबलावरून बाजूला केल्यात आणि व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवलीत. गाण्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत.

जर्मन संगीतकार वाग्नरचा 'फ्लाइंग डचमन' हा ऑपेरा, बायरॉइट ह्या जर्मन गावातल्या वाग्नर-महोत्सवातलं १९८५ सालचं चित्रीकरण. काळोखातून जहाज पुढे येतं, त्याचा पुढचा भाग दोन प्रचंड हातांसारखा उघडतो आणि आत साखळदंडांत जखडलेला एक कृष्णवर्णीय माणूस उभा. 'दी फ्रिस्ट इस्ट उम.' तुम्ही हळूच म्हणालात, "मुदत भरली." शापित खलाशी, सात वर्षांनी एकदा किनाऱ्याला लागणारा. पुढची प्रत्येक ओळ तुम्ही मराठीत सांगत गेलात, पण मला अर्थाच्या आधी तो आवाज कळला होता. तो माझ्या आवाजासारखा होता. म्हणजे माझा आवाज मोठा झाला, शिकला, त्याला कोणी सांभाळलं, तर ज्या वाटेला जाईल त्या वाटेवरचा. खालचा सूर जमिनीतून आल्यासारखा, आणि वर चढताना कुठेही पातळ न होणारा. तेही माइकशिवाय, वाग्नरच्या एवढ्या मोठ्या वाद्यवृंदापुढे.

"ह्याला बास-बॅरिटोन म्हणतात," तुम्ही म्हणालात. "बासची खोली हवी आणि बॅरिटोनची उंचीही. डचमनला असाच आवाज लागतो, वाग्नरच्या वोटान देवालाही." माझ्या आवाजाला जगात कुठेतरी नाव आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

गायकाचं नाव सायमन एस्टेस. जन्म १९३८, आयोवा राज्यातलं सेंटरव्हिल हे लहानसं गाव. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, आजोबा गुलाम म्हणून ५०० डॉलरला विकले गेलेले. मुलगा चर्चमध्ये गायचा, पण विद्यापीठात गेला तो डॉक्टर व्हायला. तिथे चार्ल्स केलिस नावाच्या गायनशिक्षकांनी त्याला ऐकलं आणि सांगितलं, तुझा आवाज ऑपेराचा आहे. ऑपेरा म्हणजे काय हेही त्या मुलाला ठाऊक नव्हतं. केलिसनी त्याला रेकॉर्ड ऐकायला दिल्या. काका, ही गोष्ट मला फार पुढे वाचायला मिळाली, आणि वाचताना डोळ्यांसमोर तुमची बैठकीची खोली होती.

पुढे न्यूयॉर्कची जुलियार्ड ही संगीतशाळा. १९६५ मध्ये बर्लिनच्या डॉइचे ओपर ह्या ऑपेरागृहात 'आयदा' ऑपेरातला पुरोहित रामफिस, १९६६ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्स्की संगीतस्पर्धेत कांस्यपदक. आणि १९७८ मध्ये बायरॉइटमध्ये डचमन. तिथे प्रमुख भूमिका गाणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये ते पहिल्यांदा उभे राहिले ते १९८२ मध्ये. बर्लिननंतर तब्बल सतरा वर्षांनी! ह्या आकड्यापाशी मी अजूनही थांबतो. आवाज तर तोच होता.

१९८५ हे साल मला फार आवडतं. ३ जानेवारीला मेट्रोपॉलिटनमध्ये लिओंटिन प्राइस ह्या थोर कृष्णवर्णीय गायिकेनं 'आयदा' गाऊन ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला, तेव्हा आयदाच्या वडिलांच्या, अमोनास्रोच्या, भूमिकेत एस्टेस होते. पुढच्याच महिन्यात तिथे गर्श्विन ह्या अमेरिकन संगीतकाराचा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा पहिल्यांदा उभा राहिला, मूळ प्रयोगानंतर पन्नास वर्षांनी. पोर्गी एस्टेस, बेस ग्रेस बम्ब्री. ह्याच बम्ब्रीनं १९६१ मध्ये बायरॉइटमध्ये वाग्नरच्या 'टॅनहॉयझर'मधली प्रेमदेवता व्हीनस गायली होती आणि एका कृष्णवर्णीय गायिकेला ती भूमिका दिली म्हणून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. बायरॉइटचं दार उघडणारे दोघे गर्श्विनच्या सुरांत एकत्र आले. आणि त्याच वर्षी आपल्या कॅसेटमधला तो डचमन.

त्या दुपारी कॅसेट संपल्यावर तुम्ही काकूंची पेटी काढायला लावलीत. गाणं येत नसताना एकच गोष्ट सांगितलीत: "खाली उतर, जिथे गळा दुखणार नाही तिथे सा धर." मी उतरत उतरत खालच्या काळी पाचवर आलो. काकूंनी भाता धरला होता. पहिल्यांदा तारषड्ज लागला, न ओढता, न घाबरता. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आज आमच्या भजनी मंडळात मी काळी पाचमध्येच गातो. पेटीवाल्यांनी माझ्यासाठी सगळे अभंग त्या पट्टीत बसवून घेतले आहेत. क्लासमधल्या त्या संध्याकाळचा राग केव्हाच गेला. पण तुम्ही हाक मारली नसती तर मी गाणं कायमचं सोडलं असतं, हे मला नक्की ठाऊक आहे. त्याबद्दल मनापासून आभार, काका. काकूंचेही.

कॅसेट आठवडाभरासाठी म्हणून नेली होती. व्हीसीआर आता दोघांकडेही नाही, पण तेच चित्रीकरण मी डीव्हीडीवर मिळवलं आहे. रविवारी दुपारी घेऊन येतो. ओळी तुम्हीच सांगा. मला आता त्या पाठ आहेत, तरी तुम्हीच सांगा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा