कर्ज विभागातील मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२० मध्ये आपण मंजूर केलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता जुलै २०२४ मध्ये फिटला. त्या दिवशी पेढे घेऊन शाखेत गेलो, तेव्हा आपली बदली होऊन बराच काळ लोटल्याचे कळले. नवा पत्ता मिळाला नाही, म्हणून हे पत्र असे सर्वांसमोर लिहीत आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, त्या वेळी भोसरीतील आमच्या गाळ्यात २२ कामगार होते, तयार माल बांधून पडलेला होता आणि ज्यांच्याकडून पैसे यायचे होते त्यांचेही कारखाने बंद होते. मार्चचा पगार पूर्ण दिला, एप्रिलचा निम्माच देता आला. १३ मे रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची घोषणा केली. तो आकडा ऐकला खरा, पण त्यातले आमच्या गाळ्यापर्यंत काय पोहोचणार, हे घरात कोणालाच उमगले नाही.

जूनमध्ये आपण स्वतः फोन केलात. आपत्कालीन पतहमी योजना आपण ज्या पद्धतीने समजावून सांगितलीत, त्याबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी खात्यावर जितके कर्ज शिल्लक होते, त्याच्या २० टक्के रक्कम मिळणार. आमचे ४२ लाख होते, म्हणजे ८ लाख ४० हजार. मुदत चार वर्षांची, पहिले वर्षभर मुद्दल फेडायचे नाही, फक्त व्याज भरायचे, आणि बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. हे सारे आपण माझ्याकडून वहीत लिहून घेतलेत. त्यानंतर मी आनंदाने म्हणालो, की सरकारने हमी घेतली आहे तर आता काळजी नाही. आपण मला तिथेच थांबवलेत. ही हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही; तुम्ही पैसे बुडवलेत तर सरकारची हमी संस्था बँकेचे नुकसान भरून देईल, पण तुमच्याकडची वसुली त्याने थांबणार नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. नवे तारण लागणार नसले तरी जुन्या तारणावर या कर्जाचा दुसरा बोजा चढणार आहे, हेही सहीपूर्वी सांगितलेत. त्या दिवसांत सरकारी मदत म्हणजे फुकटचे पैसे अशी समजूत आमच्या औद्योगिक वसाहतीत सर्वत्र होती, आणि त्या समजुतीत कर्ज उचललेल्यांचे पुढे फार हाल झाले.

हप्ते स्थगितीबाबतही आपण असाच खरा सल्ला दिलात. रिझर्व्ह बँकेने आधी मे अखेरपर्यंत आणि नंतर ३१ ऑगस्टपर्यंत सवलत दिली होती. हप्ता पुढे ढकलला तरी व्याज चालूच राहते, म्हणून जितके भरता येईल तितके भरा, असे आपण म्हणालात. आम्ही यंत्राच्या कर्जाचे तीनच हप्ते थांबवले आणि पुढचे ओढाताण करून भरले. नंतर केंद्र सरकारने २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील त्या सहा महिन्यांच्या चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक खात्यात जमा केला, आणि नियमित हप्ते भरणाऱ्यांनाही तो दिला. रक्कम लहान होती, पण आपले ऐकल्याचे समाधान मोठे होते.

शेजारच्या गाळ्यातील दोन तरुण अभियंत्यांची आठवण आपल्याला असेल. श्वसनयंत्राला लागणारी एक झडप ते स्वतः विकसित करत होते. त्यांच्या नावावर एक रुपयाचेही जुने कर्ज नव्हते, आणि शून्याचे २० टक्के शून्यच. नवे काही घडवू पाहणाऱ्यांना या योजनेत जागाच नव्हती; माझ्या मते तिची सर्वांत मोठी उणीव हीच होती. आपण मात्र त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले नाहीत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कोविडवरील उपायांसाठी ‘कवच’ नावाचा कार्यक्रम सुरू केला असून त्याचे काम मुंबई आयआयटीतील ‘साइन’ हे उद्योगसंवर्धन केंद्र पाहते, ही माहिती आपण त्यांना शोधून दिलीत. बँकेच्या अधिकाऱ्याचे हे कामच नव्हते. त्यांची निवड झाली नाही, परंतु त्या अर्जासाठी काढलेल्या आराखड्यांवरूनच त्यांना पहिला ग्राहक मिळाला, आणि त्या झडपेचे सुटे भाग आजही आमच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर होतात.

कर्जाची रक्कम जमा झाली त्याच दिवशी कामगारांचा राहिलेला पगार दिला. गावी गेलेल्यांपैकी बहुतेक जण दिवाळीपर्यंत परतले. बँकेने दिलेल्या नो ड्यूज दाखल्याची एक प्रत मी आपल्यासाठी काढून ठेवली आहे. हे पत्र आपल्या वाचनात आले, तर कृपया एकदा गाळ्यावर यावे. तो दाखला आपल्या हाती देण्याची माझी आणि सर्व कामगारांची इच्छा आहे.

आपला नम्र,
भोसरीतील एक लघुउद्योजक