सुभेदार अण्णा, तुमचे आभार

आदरणीय सुभेदार अण्णांना,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. आपल्याकडं घराघरातली पोरं भरतीसाठी पळतायत, त्यांच्या आयांनीही वाचावं.

पोरगं ट्रेनिंगला निघायची आदली संध्याकाळ. तुम्ही ओट्यावर बसून त्याच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव घालत होता. त्यानं एकदम विचारलं, "अण्णा, साहेबानं चुकीची ऑर्डर दिली तर?" दुपारी त्यानं मलाही हेच विचारलं होतं आणि "जायच्या वेळी असलं बोलू नये" म्हणून मी त्याला गप्प केलं होतं.

तुम्ही ब्रश डब्यावर आडवा ठेवलात आणि त्याला माय लाई या गावातलं हत्याकांड सांगितलंत. १६ मार्च १९६८, व्हिएतनाम. अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटलेले, बायका, म्हातारे, तान्ही लेकरं. व्हिएतनामच्या नोंदीत ५०४ जीव. ह्यू थॉम्पसन नावाच्या २४ वर्षांच्या पायलटनं ते वरून बघितलं आणि हेलिकॉप्टर थेट आपले सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. आपल्या दोघा साथीदारांना बजावलं, हे सैनिक गावकऱ्यांवर गोळी चालवतील तर तुम्ही सैनिकांवर चालवा. नंतर मढ्यांनी भरलेल्या चरातून त्यांनी एक जिवंत लेकरू बाहेर काढलं. थॉम्पसनला यासाठी 'सोल्जर्स मेडल' हे पदक मिळालं ते १९९८ साली. आणि "मी हुकूम पाळला" म्हणणाऱ्या लेफ्टनंट कॅलीला लष्करी कोर्टानं १९७१ मध्ये खुनासाठी दोषी धरलं.

आपल्या आर्मी ॲक्टच्या ४१ व्या कलमात नुसता हुकूम नाही, 'कायदेशीर हुकूम' म्हटलंय, हे तुम्ही पोराकडून दोनदा वदवून घेतलंत.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी ऋणी राहिले असते. पण मग तुम्ही मान खाली घालून आपलं सांगितलंत. कुठल्याशा गावातली झडती. एका जवानानं लाथ मारून तांदळाचा डबा पालथा केला. म्हातारी मुठीमुठीनं मातीतून तांदूळ गोळा करत राहिली. "तशी ऑर्डर कुणाचीच नव्हती," तुम्ही म्हणालात. "मी हवालदार होतो. एक शब्द पुरला असता. बोललो नाही."

अण्णा, बापही पोरापुढं असं बोलत नाही. एवढ्या वर्षांची बोच तुम्ही माझ्या लेकासाठी उघडी केलीत. त्यानं मान हलवली नाही की काही बोलला नाही, नुसता तुमच्या हाताकडं बघत राहिला. मग तुम्ही राहिलेली दोन अक्षरं पुरी केलीत.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. पायाचे फोड, मेसची डाळ, सगळं सांगून झालं. ठेवता ठेवता म्हणाला, "आई, अण्णांना विचार, त्या म्हातारीला तांदूळ भरून दिले का कुणी?"

तुमची,
शेजारच्या घरातली