मुली 20–0 ने हरलेल्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या, म्हणजे सोमवारच्या अंकात क्रीडा पानावर आंतरशालेय बास्केटबॉलची बातमी वाचली. मथळ्यात 'बोगस खेळाडू' आणि खाली निकालांच्या चौकटीत समोरच्या शाळेचा 'एकतर्फी विजय, 20–0'. त्या 'बोगस' संघाची कर्णधार माझी नात आहे. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण शनिवारचा तो सामना मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या मुलींनी तो 43–38 असा जिंकला होता. समोरच्या मुलीही जिवाच्या आकांताने खेळल्या. तुमच्या चौकटीत त्यांचे 38 गुणही गेले आणि आमचे 43 सुद्धा. 20–0 हा मैदानावर लागलेला निकाल नाही, संध्याकाळी आयोजकांच्या बैठकीत सुनावलेली ती शिक्षा आहे. शिक्षेला 'एकतर्फी विजय' म्हणता येत नाही.

चूक झाली. ती लपवायला हे पत्र लिहीत नाही. प्रवेशिकेवर 12 नावे होती. त्यातली एक मुलगी गुरुवारी डेंग्यूने दवाखान्यात दाखल झाली. क्रीडाशिक्षकांनी तिच्या जागी नववीतली एक मुलगी घेतली, आजारी मुलीचाच टी-शर्ट तिला दिला आणि गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नाव बदलून घेतले नाही. स्कोअरशीटवर आजारी मुलीचेच नाव राहिले. ही नववीतली मुलगी दुसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या भागात, 4 मिनिटे खेळली. एकही गुण तिने केला नाही, एक फाउल मात्र केला. तो फाउल लिहिला गेला त्या दवाखान्यात सलाइन लावून पडलेल्या मुलीच्या नावावर. प्रतिस्पर्धी शाळेने हरकत घेतली, ती योग्यच होती. नियम मोडला की शिक्षा झालीच पाहिजे. सरांना वर्षभर बंदी घातली, तेही बरोबर झाले. सर मनाने वाईट नाहीत, पण कागद भरणे हे त्यांचे काम होते.

पण 'बोगस खेळाडू' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे काय होतो, हे वर्तमानपत्राला मी सांगायला नको. वय चोरणारा, दुसऱ्या शाळेतून भाड्याने आणलेला, खोटा दाखला दाखवणारा. ही मुलगी त्याच शाळेची, त्याच वयोगटाची. हजेरीपटावर तिचे नाव आहे. सरांनी 'जा आत' म्हटले आणि ती आत गेली. तिच्या आयुष्यातला तो पहिला सामना. स्कोअरशीटवर कोणाचे नाव आहे, हे चौदा वर्षांच्या पोरीने टेबलावर जाऊन तपासायचे होते का? तुमच्या वार्ताहराने तिचे नाव छापले नाही, त्याबद्दल आभार. पण शाळेचे नाव छापले, आणि शाळेत सगळ्यांना ती कोण ते माहीत आहे.

गेली दोन वर्षे नातीमुळे मी या खेळाचे नियमपुस्तक वाचतो आहे. त्यात 20–0 आणि गुणतक्त्यात 0 गुण अशी शिक्षा लिहिली आहे ती मैदानावर वेळेत न येणाऱ्या किंवा खेळायला नकार देणाऱ्या संघासाठी. आयोजकांनी तीच इथे लावली. जिंकणाऱ्याला 2 गुण, खेळून हरणाऱ्याला 1, असा साखळीचा हिशेब असतो. म्हणजे आमच्या मुली शनिवारी सरळ हरल्या असत्या तरी 1 गुण पदरात पडला असता. 40 मिनिटे खेळून, जिंकून हाती आले 0. तरीही मुलींनी तक्रार केली नाही. बैठकीतून निरोप आला तेव्हा त्या सगळ्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसल्या होत्या. दोघी-तिघी रडल्या. मग नातीने विचारले, "उद्या किती जणी येणार?" अकराही जणींनी हात वर केले. उरलेली एक, ती नववीतली मुलगी, म्हणाली, "मी येऊ का नको?" तिला खेळता येणार नव्हते, संघाच्या बाकावरही बसता येणार नव्हते. नात म्हणाली, "तू पहिल्या रांगेत बस, आजोबांच्या शेजारी."

रविवारच्या सामन्याबद्दल तुमच्या बातमीत एक ओळ नाही. म्हणून मी लिहितो.

सर नसल्याने बाकावर प्रशिक्षक नव्हता. अशा वेळी कर्णधार प्रशिक्षकाचे काम पाहू शकते, अशी नियमात सोय आहे. सोळा वर्षांची मुलगी खेळतही होती, टेबलाकडे जाऊन टाइम-आउटही मागत होती, कोणाला आत घ्यायचे ते ठरवतही होती. तिसऱ्या क्वार्टरला तिचे 4 फाउल झाले. पाचव्याला खेळाडू सामन्यातून बाद होतो. तिने स्वतःच स्वतःला बाहेर काढले आणि सहा मिनिटे बाकावरून ओरडून संघ चालवला. प्रेक्षकांतून काही पालक 'खोटारड्या, खोटारड्या' असे ओरडत होते. शिकली-सवरलेली माणसे होती ती! मुलींचे आदल्या रात्री ठरले होते की पंचांशी फक्त कर्णधार बोलेल आणि प्रेक्षकांकडे कोणी बघणार नाही. एकीनेही मान वळवली नाही. पहिले तीन क्वार्टर त्यांनी एकदाही संघाचे फाउल चारच्या पुढे जाऊ दिले नाहीत. एका क्वार्टरमध्ये पाचवा झाला की समोरच्याला 2 फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याच्या संधी, मिळतात. शेवटच्या क्वार्टरला दोन मिनिटे उरली असताना तो पाचवा झालाच. समोरच्या संघातल्या मुलीने दोन्ही बास्केटमध्ये टाकले. आमच्या मुली 34–37 ने हरल्या. 3 गुणांनी. सामना संपल्यावर विरुद्ध संघाच्या मुली आमच्या मुलींच्या गळ्यात पडल्या.

या सामन्यात आणखी एक गोष्ट खटकली, ती तुमच्या बातमीशी संबंधित नसली तरी लिहितो. आमच्या मुलींकडून 4 वेळा 8 सेकंदांचा नियम मोडला गेला. चेंडू 8 सेकंदांत स्वतःच्या अर्ध्यातून पुढच्या अर्ध्यात न्यावा लागतो, नाहीतर तो समोरच्याला मिळतो. आता हे शिकायचे कुठे? आमच्या भागातल्या सार्वजनिक कोर्टावर गणपतीच्या मांडवासाठी खड्डे खणले, ते बुजवलेले नाहीत. एका बाजूचे अर्धे कोर्ट वापरताच येत नाही. मुली उरलेल्या अर्ध्यात सराव करतात. पूर्ण कोर्ट पळण्याची सवय नसलेली मुलगी सामन्यात 8 सेकंद मोजणार कशी? दोनदा अर्ज दिला. खड्ड्यात एका मुलीचा पाय मुरगळला तेव्हा फोटोही जोडला. पोच आहे, उत्तर नाही. तुमच्या वार्ताहराला बातमी हवी असेल तर त्याने सकाळी सहा वाजता तिथे यावे. मी तिथेच असतो.

मूळ मुद्द्यावर येतो. हा खेळ 1891 साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी शोधला, तेव्हा त्यांनी 13 नियम लिहिले. त्यातला पाचवा असा की दुसरा फाउल करणाऱ्याने पुढचा गोल होईपर्यंत बाहेर राहायचे. गोल झाला की तो परत आत. मुद्दाम इजा केली असेल तरच पूर्ण सामना बाहेर. मला हा नियम फार आवडतो. शिक्षा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते त्यात स्पष्ट आहे. आमच्या मुलींची शिक्षा शनिवारी संध्याकाळी सुरू झाली आणि रविवारी त्या मैदानावर उतरल्या तेव्हा संपायला हवी होती. ती नववीतली मुलगी रविवारी माझ्या शेजारी बसून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. तिचे वडील पहाटे बाजार समितीत हमालीला जातात. सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना तुमचा मथळा वाचून दाखवला आणि विचारले, "तुमचीच ना ही?" घरी येऊन त्यांनी तिचे बूट माळ्यावर टाकले. ते बूट मुलींनी वर्गणी काढून घेऊन दिले होते.

बाकी मुली सोमवारपासून नेहमीसारख्या सहाला हजर आहेत. एक प्लॅस्टिकची फाइल आणली आहे. प्रत्येकीचा बोनाफाइड, आधार आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स त्यात लावली आहे आणि सर्वांत वर प्रवेशिकेची प्रत. पुढच्या वेळी टेबलावर नावे वाचून झाल्याशिवाय कोर्टावर उतरायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले आहे. हे मोठ्या माणसांचे काम होते, पण आता त्या करतात.

माझी विनंती एवढीच आहे. त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापा. शनिवारचा सामना 43–38 असा संपला होता, प्रवेशिकेतील नावाच्या चुकीमुळे तो 20–0 असा विरुद्ध दिला गेला, खेळलेली मुलगी त्याच शाळेची विद्यार्थिनी आहे. तीन ओळी पुरतात. रविवारचा 34–37 ही छापलात तर चौथी ओळ होईल.

पत्राखाली माझे नाव छापू नये, नातीच्या संघावर पुन्हा बोट दाखवले जाईल. ती नववीतली मुलगी काल आणि आज सरावाला आलेली नाही. दुरुस्ती ज्या दिवशी येईल त्या दिवशी अंक घेऊन मी स्वतः तिच्या घरी जाणार आहे.

आपला,
एक जुना वाचक
जेलरोड, नाशिकरोड