आठ आणे टक्का, पण विचारून

मा. संपादक,
स. न.

महापालिकांकडे उत्पन्नाचं स्वतःचं साधन उरलं नाही, अशी तक्रार करणारी पत्रं आपल्या अंकात गेले काही दिवस वाचतो आहे. मी जकात नाक्यावर कारकुनी करण्यात उमेदीची वर्षं घालवली, म्हणून तक्रार पटते. 2010 नंतर टप्प्याटप्प्याने जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. मुंबईची जकात 2017 मध्ये जीएसटीने संपवली. तेव्हापासून शहरं राज्याच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसली आहेत. पण ‘शहरांना पुन्हा कर लावू द्या’ एवढंच म्हणून थांबणं मला धोक्याचं वाटतं. का, ते एका पावतीवरून सांगतो.

2023 मध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथे राहिलो होतो. तिथे 65 डॉलरचे बूट घेतले, वर 5 डॉलर 93 सेंट विक्रीकर. दर 9.125 टक्के. हा अपूर्णांक पाहून माझ्यातला कारकून जागा झाला. दोन दिवस वाचनालयात बसून हिशेब लावला. 7.25 टक्के राज्यभर सारखे. उरलेले 1.875, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत एक टक्का चौदा आणे. टक्क्याला सोळा आणे धरले, की हा सगळा हिशेब पाढ्यासारखा सुटतो.

आठ आणे 1976 चे, सनीव्हेल ज्या सांता क्लारा काउंटीत (आपल्या भाषेत जिल्ह्यात) येतं, तिच्या बससेवेसाठी. आठ आणे 2000 सालच्या मतदानाचे, मुख्यतः ‘बार्ट’ रेल्वे सॅन होजेपर्यंत आणण्यासाठी. त्याच रेल्वेच्या देखभाल-चालवण्याचे दोन आणे 2008 चे. दोन आणे 2012 चे, काउंटीच्या सर्वसाधारण खर्चाला. आठ आणे 2016 चे, रस्ते-रेल्वेला. आणि दोन आणे 2020 चे, कॅलट्रेन या लोकल गाडीसाठी. बेरीज तीस आणे. पैन्‌ पै जुळली! यातला प्रत्येक आणा मतपत्रिकेवरून आलेला आहे. मतदानाआधी घरी पुस्तिका येते. तिच्यात ठरावाचा पूर्ण मजकूर, बाजूने एक टिपण, विरोधात एक, आणि दोघांची एकमेकांना उत्तरं. विरोधकांचं म्हणणं सरकारी खर्चाने छापून घरपोच, ही गोष्ट आमच्या खात्यात कुणाला सांगितली असती तर चहा सांडला असता.

ठरावीक कामासाठी कर लावायचा तर तिथे साधारणपणे दोन तृतीयांश मतं लागतात. ही अट 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ या राज्यव्यापी मतदानातल्या ठरावाची, आणि तीही मतदारांनीच घातलेली. त्यामुळे ठराव लिहिणाऱ्याला घाम फुटतो. 2016 चा ठराव घ्या. तीस वर्षांत अंदाजे 6.3 अब्ज डॉलर आणि त्यांची वाटणी आधीच लिहिलेली. बार्टला दीड अब्ज, शहरांच्या गल्लीबोळांतल्या रस्त्यांना 1.2 अब्ज, सायकल आणि पादचाऱ्यांना 25 कोटी, असे नऊ कप्पे. पैशावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती. 2008 च्या दोन आण्यांना तर अशी अट होती, की केंद्राचा नि राज्याचा वाटा पक्का झाल्याशिवाय वसुलीच सुरू करायची नाही. तो ठराव दोन तृतीयांशाची रेघ केसभर ओलांडून पास झाला, आणि वसुली सुरू व्हायला 2012 चा जुलै उजाडला.

सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. 2000 साली मत दिलेल्या माणसाला सॅन होजेतल्या बेरीएसा स्टेशनात बार्टची गाडी दिसली ती 2020 च्या जूनमध्ये. सॅन होजेच्या पोटातून जाणारा बोगदा अजून बाकी आहे, त्याचा खर्च बारा अब्ज डॉलरच्या वर गेला आणि मुदत 2030 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकली. 2016 चा कर 2017 च्या एप्रिलपासून गोळा होऊ लागला खरा, पण कोर्टातल्या दाव्यामुळे पैसा दोनेक वर्षं बाजूला पडून राहिला. शिवाय विक्रीकर हा गरिबाला जास्त बोचणारा कर. किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं यांना माफी आहे, पण सफाई कामगाराच्या बुटावर आणि बड्या कंपनीतल्या साहेबाच्या बुटावर कर सारखाच. बेरीएसाचं प्रशस्त पार्किंग मी गेलो तेव्हा बरंचसं रिकामं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

तरी मला हेवा वाटला, कारण मी कोल्हापूरचा. आमच्याकडेही ‘तीस वर्षं’ हा आकडा आला होता. सुमारे 50 किलोमीटर रस्ते, 220 कोटींचा प्रकल्प आणि त्यासाठी तीस वर्षं टोल. सांता क्लाराच्या मतदाराने तीस वर्षांच्या करावर स्वतः खूण केली. आम्हाला तीस वर्षं कळली ती नाके उभे राहिल्यावर. 2013 च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली. पुढे काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले, गाडीगाडीवर ‘टोल देणार नाही’ लागलं, नाके पेटले. शेवटी 2015 संपता संपता राज्य सरकारने ठेकेदाराला भरपाई देऊन टोल गुंडाळायचं ठरवलं. ती भरपाईही करदात्याच्याच खिशातली. आम्ही फुकटे नव्हतो. जन्मभर जकातीच्या पावत्या फाडलेला माणूस हे सांगतो आहे. कोल्हापूरकर पैसे देतो, पण आधी विचारा म्हणतो.

2015 मध्ये दुष्काळासाठी पेट्रोलवर दोन रुपये अधिभार बसला. नंतर पाऊस पडला, अधिभार राहिला. मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात घर घेणारा मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो. तो कोणत्या साली संपणार, हे त्याच्या दस्तावर कुठे लिहिलंय?

जीएसटीमुळे शहराने स्वतःचा विक्रीकर लावणं आता शक्य नाही आणि मी ते मागतही नाही. मागणी एवढीच: कोणताही नवा स्थानिक अधिभार, उपकर किंवा टोल लावण्याआधी कामांची यादी, रक्कम आणि शेवटची तारीख छापून त्या शहरात मतदान घ्या. मतदानाने प्रश्न सोडवणं आपल्याला परकं नाही. दारूच्या दुकानासाठी उभी बाटली-आडवी बाटली आपल्याच राज्यात होते, आणि गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. दुकानाचं विचारता, मग खिशाचं का नाही?

काही मित्र म्हणतात, मतदान घेतलंत तर लोक सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतील. म्हणोत. सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपल्यावर पाच वर्षं आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाने कारभार केला. त्या काळात ‘नाही’ म्हणायला तरी कुठे जायचं होतं? माझ्यापुरतं सांगतो: पंचगंगेत जाणारं सांडपाणी अडवण्यासाठी आठ आणे टक्का मागितला तर ‘हो’. रस्त्यासाठी मागितला तर ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी (रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) वाचल्याशिवाय ‘नाही’.

आपला,
एक निवृत्त महापालिका कर्मचारी
कोल्हापूर