माझीच गाणी, परवाना कुणाचा? वाणिज्यमंत्र्यांना इंदूरहून खुलं पत्र

माननीय वाणिज्य आणि उद्योग मंत्री महोदय,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी इंदुरात माझा कार्यक्रम झाला. अकरा गाणी. शब्द माझे, चाली माझ्या, गळाही माझाच. पेटी जुळवून बसले होते, तेवढ्यात हॉलचा मॅनेजर विंगेत आला. "मॅडम, म्युझिक लायसन्स की रसीद?" म्हणजे जाहीर कार्यक्रमात गाणी गाण्या-वाजवण्याचा परवाना घेतल्याची पावती. म्हटलं, भैया, गाणी माझीच आहेत. तो म्हणाला, "वो तो सब यही बोलते हैं." शेवटी आयोजकांनी माझ्या ८,००० रुपये मानधनातून ३,००० कापले, तेव्हा कुठे पडदा सरकला. ते ३,००० कुणाकडे गेले हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तबलजीचे २,००० दिले, त्यालाही घरदार आहे. रिक्षाचे १४०. उरलं त्यात मी इतकी श्रीमंत झाले की रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत एक गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन घरी आले.

आपल्याला का लिहिते? कारण २०१६ पर्यंत कॉपीराइटचं खातं मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होतं, ते आता आपल्याकडे आहे. आपल्या त्याच विभागात सिमेंट, चामडं आणि मीठही येतं. सिमेंटवाल्यांना स्वतःचं पोतं उचलायला परवाना लागत नसावा, असा माझा अंदाज आहे.

तीन वर्षांपूर्वी इथेच एका सरकारी कार्यशाळेत एका साहेबांनी आम्हा कलाकारांना (सोसायटी म्हणजे गाणी वापरणाऱ्यांकडून पैसे गोळा करून हक्कदारांना देणारी संस्था) सांगितलं होतं, "योग्य सोसायटी निवडा आणि निश्चिंत व्हा. मार्चपर्यंत इंदूरला मदत कक्ष सुरू होतोय." आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मार्च महिना तीनदा येऊन गेला. कक्ष आला असेल तर मला तरी सापडला नाही.

आणि 'निवडा' म्हणजे काय हो? कॉपीराइट कायद्याचं कलम ३३ मी मुलीकडून वाचून घेतलं. एका प्रकारच्या कृतींसाठी सरकार साधारणपणे एकाच सोसायटीची नोंदणी करतं. म्हणजे कांदेपोह्यांना एकच स्थळ आणायचं आणि वर म्हणायचं, बघ बाई, तुझी पसंती! शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, गायक-वादकांसाठी पूर्वीची इसरा म्हणजे आताची इसम्रा, ध्वनिमुद्रणासाठी आरएमपीएल. या संस्थांशी माझं भांडण नाही. अजून मी त्यांच्यापैकी एकीचीही सभासद नाही. भांडण आहे ते 'निवडा' या शब्दाशी.

कारण मी एकटी असले तरी कायद्याच्या लेखी मी चौघी आहे: गीतकार, संगीतकार, गायिका आणि निर्माती. निर्माती अशासाठी की पोस्टातली एफडी मोडून स्टुडिओचे ४६,००० मीच भरले. त्या चौघींसाठी तीन दारं. समजावं म्हणून जेवणाच्या टेबलावर वहीत रकाने आखले आणि प्रत्येक भूमिकेपुढे माझा वाटा लिहायला घेतला. चारही ठिकाणी १०० टक्के आला. मुलगी म्हणाली, "आई, एका गाण्याचे चारशे टक्के झाले." वही तिथेच मिटली. आमटी त्या नादात करपली ती वेगळीच.

चारशे टक्के मालकीचं उत्पन्न ऐका. गेल्या वर्षी स्ट्रीमिंगचे मिळाले २१२ रुपये ४० पैसे. सात हजारांवर वेळा ऐकलं गेलं म्हणे. भाच्याच्या हिशोबाने एका ऐकण्याला तीन पैसे पडतात. तो बारावीला आहे, चूक असेल तर त्याची. पण तेवढ्या भावाने पोह्यांच्या तीस रुपयांच्या प्लेटसाठी हजार जणांनी माझं गाणं ऐकायला हवं, आणि जिलबीसाठी परत वेगळे!

माझं एक हळदीचं गाणं इथल्या मराठी लग्नांतून वाजतं. त्याचा पैसा नाही, कारण लग्नसमारंभाला कलम ५२ मध्ये सूट आहे. जुलै २०२३ मध्ये आपल्याच विभागाने जाहीर सूचना काढून ते सगळ्यांना पुन्हा बजावलं. असू दे सूट, हळदीला कोण पैसे मागतं? पण लोकांनी लावलं तर फुकट आणि मी गायलं तर ३,००० रुपये, हा कुठला न्याय?

तक्रार कुठे करू? कॉपीराइट बोर्ड होतं, ते २०१७ मध्ये दुसऱ्या मंडळात विलीन केलंत. ते मंडळही २०२१ मध्ये गुंडाळलंत. आता म्हणे कमर्शियल कोर्टात नाहीतर हायकोर्टात जा. हायकोर्टाचं खंडपीठ इंदुरातच आहे हे आमचं नशीब, पण ३,००० रुपयांसाठी वकील नुसती फाइल तरी उघडेल का? सोसायटी म्हणून नोंदणी नसलेली कंपनी गाण्यांचं लायसन्स देऊ शकते का, हा वाद २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला. हत्तींच्या झुंजीत आमच्यासारख्या मुंग्यांना कोण विचारतो?

या शहरातल्या शीख मोहल्ल्यात १९२९ साली एक मुलगी जन्माला आली, लता नावाची. गायकांना रॉयल्टी हवी म्हणून ती साठच्या दशकात निर्मात्यांशी भांडली, भल्याभल्यांचा रोष ओढवून घेतला. गायकांचा तो हक्क कायद्यात नीट लिहायला २०१२ साल उजाडलं. आज तिच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देतं, भाषणं होतात, हार पडतात. त्याच शहरात बाईने स्वतःचं गाणं गायचं तर आधी रसीद दाखवा. सत्कार करायचा मेलेल्यांचा आणि वसुली करायची जिवंतांकडून, हीच आपल्या सगळ्या कारभाराची रीत झाली आहे.

असो. मला अनुदान नको, पुरस्कार तर नकोच. सभासद नसलेल्या गाणाऱ्याने स्वतःची रचना गायली तर त्याला कुणाचा परवाना लागत नाही, एवढंच लिहिलेलं एक पानी पत्रक हॉलवाल्यांना पाठवा, हिंदीत. लग्नांसाठी काढलंत तसंच. आणि सोसायट्यांचे अर्ज भरून देणारा माणूस महिन्यातून एक दिवस इंदूरला बसवा. खुर्ची मी घरून आणीन.

कोजागिरीला माझा त्याच हॉलमध्ये पुन्हा कार्यक्रम आहे. मॅनेजर रसीद मागणारच. गाण्यांची मालकीण मीच, तेव्हा परवाना देणारी मी, घेणारी मी, रक्कम शून्य, अशी रसीद स्वतःच फाडून नेते आहे. खाली सही कोणत्या बाईची करू, गीतकाराची की गायिकेची, तेवढं तरी कळवा.

आपली,
इंदूरची एक गाणारी