बस्ता आमचा, शिक्का त्याचा

लोकमान्यनगर, इंदूर
रविवार सकाळ

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" म्हणालो, तेव्हा तुझी आई हसली. टाळतोय, असं तिला वाटलं. खरंच टाळत होतो. पण तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून आज पोह्यांच्या आधीच कागद घेऊन बसलो.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. तुमच्या काउंटी कमिटीतल्या जुन्या मंडळींनी उमेदवार ठरवून ठेवलाय. त्याच्यासमोर प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, कोणी एक उपटसुंभ उभा राहिला. कमिटीच्या एका मीटिंगला तो कधी आलेला नाही, आणि सभेला गर्दी मात्र त्याच्याच. आता ज्येष्ठ मंडळी त्याच्याविरुद्ध जाहीर पत्रक काढताहेत आणि खाली तुझी सही मागताहेत. "बाबा, तुम्ही वीस वर्षं पक्षाचं काम केलंत, तुम्ही काय केलं असतंत?"

2016 आठवतं? तू तेव्हा ओहायोत शिकत होतीस, आणि आपले रविवारचे फोन हवापाण्यावरून सुरू होऊन रिपब्लिकन पक्षावर संपायचे. मी एका जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर आकडे टिपून ठेवत असे. तुझी आई म्हणायची, तुमचं तिथं मत आहे की काय! मत नव्हतं, पण सवय होती. जन्मभर वॉर्डाच्या याद्या केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरची यादी दिसली तरी हात शिवशिवतात.

ती डायरी काल काढली. 16 जून 2015 ला ट्रम्प सरकत्या जिन्यावरून खाली आले आणि उमेदवारी जाहीर केली. नावाजलेले उमेदवार एकूण 17. त्यात जेब बुश म्हणजे घरचा माणूस: वडील राष्ट्राध्यक्ष, भाऊ राष्ट्राध्यक्ष, आणि पाठीशी उभ्या असलेल्या मंडळाने 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त जमवलेले. 20 फेब्रुवारी 2016 ला साउथ कॅरोलिनाचा निकाल लागला आणि त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. तोवर पदरात पडलेले प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारी माणसं, किती, तर 4. मी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यात.

आपल्याकडे असा पेच सुटायला एक कागद पुरतो. बी-फॉर्म. वरून ज्याच्या नावाचा बी-फॉर्म आला, तो उमेदवार; बाकीच्यांनी घोषणा द्या, रडा, नाहीतर बागी होऊन निर्दलीय उभे राहा. टिकट कापायला एक सही लागते. तुमच्या तिथं तो कागदच नाही. टिकट देणारा मतदार, आणि पक्षाचा अध्यक्ष म्हणजे फार तर लग्नातला व्यवस्थापक. मंडप त्याने घालायचा, वरमाला कोणाच्या गळ्यात पडेल ते त्याच्या हातात नाही.

आणि मंडप तरी कसा घातला बघ. 2012 मध्ये रॉम्नींची उमेदवारी नक्की व्हायला फार महिने गेले, भांडणं लांबली, म्हणून पक्षाने पुढच्या वेळेचं वेळापत्रक आवळलं. जो पुढे आहे त्याचं लवकर ठरावं, हा हेतू. त्यात काही राज्यांत पहिला येईल त्याला सगळे प्रतिनिधी. साउथ कॅरोलिनात ट्रम्पना मतं साधारण 32 टक्के, आणि प्रतिनिधी 50 पैकी 50! आपल्या माणसाची गाडी नीट जावी म्हणून उतार करून ठेवला, आणि त्यावरून भलत्याचीच गाडी सुटली. 19 एप्रिलला न्यूयॉर्क जिंकेपर्यंत एकाही राज्यात त्यांना निम्म्याहून जास्त मतं नव्हती. म्हणजे विरोधातली मतं जास्त होती, पण ती वाटली गेली होती.

बागी होण्याची भीती मात्र तिथंही होती. हरल्यावर हा माणूस अपक्ष उभा राहील म्हणून पक्षाध्यक्ष प्रीबस यांनी सगळ्यांकडून लिहून घ्यायचं ठरवलं, की जो जिंकेल त्याला पाठिंबा देऊ. ट्रम्पनी 3 सप्टेंबर 2015 ला सही केली. ते वाचून मी तुला म्हणालो होतो, हे अगदी आपल्या वॉर्डासारखं आहे. ज्याला बांधायचं तो मोकळा राहतो आणि दोरीत पाय अडकतो तो बाकीच्यांचा.

आता पत्रकाचं. मार्च 2016 च्या सुरुवातीला त्यांच्याच पक्षातल्या परराष्ट्र आणि संरक्षण क्षेत्रातल्या शंभराहून जास्त जाणत्या लोकांनी ट्रम्पविरुद्ध जाहीर पत्र काढलं. पाठोपाठ 3 मार्चला खुद्द रॉम्नींनी, म्हणजे मागच्या वेळच्या उमेदवाराने, भाषण करून त्यांना बनावट आणि लबाड म्हटलं. बारा दिवसांनी फ्लोरिडात दुसरे उमेदवार रुबिओ स्वतःच्या राज्यात हरले, 99 प्रतिनिधी एकगठ्ठा गेले. एप्रिलअखेर उरलेले दोन विरोधी उमेदवार क्रूझ आणि केसिक यांनी वाटणी केली, इंडियाना क्रूझचं, ओरेगॉन आणि न्यू मेक्सिको केसिकचं. दुसऱ्याच दिवशी केसिक म्हणाले, इंडियानातल्या माझ्या मतदारांनी मत मलाच द्यावं. तिथं मी डायरीत फक्त आपलं इंदुरी "भिया!" (अरे भाऊ!) एवढंच लिहिलंय. 3 मे ला इंडियानाचा निकाल लागला, क्रूझ बाहेर, दुसऱ्या दिवशी केसिक बाहेर.

आणि नोव्हेंबरात तो फोटो आला. ट्रम्प आणि रॉम्नी, सोबत प्रीबस, जेवणाचं टेबल, पांढऱ्या शुभ्र चादरी. परराष्ट्रमंत्रिपदाची बोलणी चालली होती म्हणे. पद मिळालं नाही, फोटो मात्र राहिला. प्रीबस तर पुढे ट्रम्प यांचेच चीफ ऑफ स्टाफ झाले.

इथलं सांगतो, म्हणजे तुला असं वाटायला नको की हसतोय फक्त अमेरिकेला. तुझे आजोबा 1962 ची गोष्ट सांगायचे. काँग्रेसचा जमाना, गिरण्यांचे भोंगे चालू, आणि लोकसभेला निवडून आले कामगार नेते होमी दाजी, तेही अपक्ष. पारशी माणूस, जातीची मतं मोजायची म्हटली तर मोजणी दारातच संपते. 1989 मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्री, माजी गृहमंत्री असलेल्या माणसाला सुमित्राताई महाजनांनी हरवलं, तेव्हा आपल्या गल्लीत पेढे वाटले होते. ते पक्षाचे कमी आणि "आपल्या ताई"चे जास्त. ताई ती निवडणूक धरून ओळीने आठ वेळा निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. आणि 2019 च्या एप्रिलमध्ये पक्ष इंदूरचं नाव जाहीर करीना, तेव्हा त्यांनीच पत्र लिहून मी लढत नाही असं कळवलं. तीस वर्षांत चाक किती फिरतं! 2024 चं तर तुला माहीतच आहे. तुमच्याकडे 17 उमेदवार होते, आमच्याकडे काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला आणि इंदुरात 2,18,674 लोकांनी "नोटा"चं बटण दाबलं.

आता मूळ गोष्ट. ही मी कोणाला सांगितलेली नाही.

तू तेव्हा बालवाडीत होतीस. महापालिकेची निवडणूक होती. आपल्या वॉर्डात एक मोटर वाइंडिंगवाला होता. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मे महिन्यात बोरिंगची मोटर रात्री जळली की लोक त्याला उठवायचे, आणि तो बनियनवर, टॉर्च घेऊन यायचा. त्याने आमच्याकडे टिकट मागितलं. वॉर्ड कमिटीची बैठक होती, आम्ही नऊ-दहा जण. कोणीतरी म्हणालं, "आता वाइंडिंगवाला पार्षद होणार!" आणि सगळे हसले. मीही हसलो. तो दारातच उभा होता. टिकट मिळालं एका व्यापाऱ्याला, ज्याने वरती ओळख लावली होती आणि खाली एकही गल्ली पायी तुडवली नव्हती.

वाइंडिंगवाला निर्दलीय उभा राहिला. निशाणी मिळाली पंखा. ज्याने अर्ध्या वॉर्डाचे पंखे गुंडाळून दिले, त्याला निशाणीही पंखाच! आम्ही त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. मजकूर मीच लिहिला होता, तुझा बाप शुद्धलेखनात चांगला म्हणून. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर आमचं टेबल. बस्ता, म्हणजे मतदार याद्यांचं बाड, माझ्याकडे. आमच्या याद्या चोख, त्यामुळे सगळा वॉर्ड पर्ची, म्हणजे मतदार-चिठ्ठी, घ्यायला आमच्याकडेच येत होता. त्याच्या टेबलावर एक पोरगा आणि एक फाटकी यादी. दुपारी बाराच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की बायका पर्ची घेतात, चहा घेतात, "हो हो भाऊ" म्हणतात, आणि नजर देत नाहीत. चहा आमचा, पर्ची आमची, शिक्का त्याचा. हे मला कळत होतं आणि मी शेजारच्याला सांगत होतो, लीड आपली आहे.

तीन वाजता मी स्वतः मत द्यायला गेलो. मतपत्रिका हातात घेतली. आमची निशाणी दिसत होती, नीट दिसत होती. मला आठवली ती आदल्या उन्हाळ्यातली रात्र. तुला ताप होता, घरात पाण्याचा थेंब नव्हता, आणि हा माणूस दीड वाजता आपल्या बोरिंगच्या खड्ड्याशी उकिडवा बसला होता. मी शिक्का पंख्यावर मारला. बाहेर आलो, बिल्ला सरळ केला आणि पुन्हा टेबलावर बसलो. मतमोजणीत आमच्या बूथवर आमचा उमेदवार तिसरा आला. त्या रात्रीच्या बैठकीत "कोणी दगा दिला" यावर दोन तास चर्चा झाली, आणि मी त्यात हिरिरीने भाग घेतला.

पुढे काय झालं? वाइंडिंगवाल्याला देव करू नकोस. वर्षाच्या आत तो आमच्याच पक्षात आला. हार मी घातला. पुढच्या वेळी बी-फॉर्म त्याच्या नावाचा होता आणि त्याच्या दारात टिकट मागणारे उभे होते. बोरिंगची मोटर जळली की लोक दुसऱ्या कोणाला तरी उठवू लागले.

ट्रम्प आणि हा माणूस एका तागडीत घालायचे नाहीत, तेवढं मला समजतं. तुमचा तो उपटसुंभ चांगला की वाईट, हे तू तिथून मला विचारू नकोस. वाईट असेल तर सही जरूर कर, पण सही झाल्यावर घरी जाऊ नकोस, दारं वाजव. त्याआधी एक कर. त्याच्या एखाद्या सभेला जाऊन शेवटच्या रांगेत बस, आणि तुमच्या कमिटीतलं कोण कोण तिथं आधीच येऊन बसलंय ते बघ.

शेव आणि जिरावन पाठवतोय, समोरच्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात येतोय त्याच्याबरोबर. जिरावन एकदम संपवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र तुझ्या आईला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "तुम्हीपण?"